बर्बनच्या भट्ट्या आणि मक्याचा धनी

शेतकऱ्यांच्या मासिकात दारूच्या भट्ट्यांविषयी लेख आलेला पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल, आणि काहींस तो अप्रशस्तही वाटेल. म्हणून एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. मद्यपानाची भलावण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. दारूने किती संसार धुळीस मिळविले आणि किती जमिनी सावकाराच्या घशात गेल्या, हे खेड्यात राहणाऱ्यास दुसऱ्याने सांगावयास नको. परंतु दारू हे जसे व्यसन आहे, तसाच तो शेतमालापासून होणारा एक पक्का माल आहे. आणि शेतमालाचा पक्का माल होताना त्यातील पैसा कोणाच्या पदरात पडतो, हे पाहणे आमच्यासारख्या मासिकाचे कर्तव्यच आहे. अमेरिकेतील केंटकी संस्थानात मक्यापासून बर्बन नावाची व्हिस्की होते. तिच्या भट्ट्या पाहण्याचा व तेथील माणसांना भेटण्याचा योग 2025 च्या ऑक्टोबरात आम्हांस आला. त्या प्रवासात जे दिसले, आणि त्याहूनही जे दिसले नाही, त्याविषयी चार शब्द लिहीत आहो.

प्रथम भूमीचे वर्णन करतो. लुइव्हिल शहरापासून दक्षिणेस व पूर्वेस जो मुलूख पसरला आहे त्याच्या पोटात चुनखडीचा खडक आहे. त्यातून झिरपून येणाऱ्या पाण्यात चुना असतो, पण लोह जवळजवळ नसते. असे पाणी दारू गाळण्यास मानवते. लोहयुक्त पाण्याने दारूचा रंग व चव दोन्ही बिघडतात. याच चुन्याच्या कुरणांवर तेथील नामांकित घोडे वाढतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस जे वसाहतवाले डोंगर ओलांडून येथे आले, त्यांनी जंगल तोडून मका पेरला. मका भरपूर आला, पण बाजारपेठ डोंगरापलीकडे राहिली. ‘पिकते तेथे विकत नाही’ ही आपली म्हण त्यांच्या वाट्यास पुरेपूर आली. तेव्हा त्यांनी मका गाळून त्याची दारू केली. घोड्याच्या पाठीवर चार बुशेल धान्य जाई, पण चोवीस बुशेल धान्याची दारू त्याच पाठीवर लादता येई, असा त्या काळचा हिशेब सांगतात. म्हणजे भट्टी हे मूळचे शेतकऱ्याचे अवजार होते. नांगर, गाडा आणि भट्टी ही एकाच घरची. 1791 साली तेथील मध्यवर्ती सरकारने दारूवर कर बसविला, तेव्हा पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी बंड केले, आणि 1794 साली ते मोडण्यास राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांस बारा-तेरा हजारांचे सैन्य धाडावे लागले. त्या बंडाचे मूळ व्यसनात नव्हते. आपल्या मक्याचा पक्का माल करण्याचा हक्क शाबूत राहावा, एवढेच त्या शेतकऱ्यांचे मागणे होते.

आजच्या भट्ट्या म्हणजे प्रचंड कारखाने होत. केंटकीतील भट्टीवाल्यांचा संघ 1880 साली स्थापन झाला, आणि 1999 साली त्याने प्रवाशांसाठी भट्ट्यांची एक वाट आखून दिली. तेव्हापासून देशोदेशींचे लोक तेथे येतात. 2023 साली या भट्ट्यांना सुमारे पंचवीस लाख भेटी झाल्या. बार्ड्सटाउन, लॉरेन्सबर्ग, फ्रँकफर्ट, लोरेटो, क्लेरमाँट ही गावे एरवी आपल्या तालुक्याच्या ठिकाणांहूनही लहान. पण शनिवारी-रविवारी तेथे जत्रेसारखी गर्दी उसळते.

कृती अशी आहे. मका दळून पाण्यात शिजवितात. तो निवत आला म्हणजे त्यात राय नावाचे धान्य, किंवा काही ठिकाणी गहू, घालतात. आणखी निवल्यावर मोड आणून वाळविलेला सातू घालतात. त्या मोडाच्या गुणाने पिठाची साखर होते. मग त्यात किण्व घालून तीन ते पाच दिवस आंबवितात. मागील खेपेच्या गाळपातून उरलेले आंबट पाणी पुढील खेपेत थोडे मिसळण्याची चाल आहे. घरोघर विरजणाची कवडी राखून ठेवतात, त्याचीच ही आठवण देते. जेम्स क्रो नावाच्या स्कॉटलंडात जन्मलेल्या वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या चालीस शास्त्रीय मोजमापाची जोड दिली. आंबलेला रस तांब्याच्या उंच नळकांड्यातून गाळला की पाण्यासारखा स्वच्छ अर्क निघतो. तो आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात भरून सात-सात मजली कोठारांत वर्षानुवर्षे ठेवतात. उन्हाळ्यात अर्क लाकडात शिरतो, हिवाळ्यात बाहेर येतो. बर्बनचा सगळा तांबूस रंग या लाकडाचा आहे, वरून काही घालण्यास कायद्याने बंदी आहे. या काळात दर वर्षी काही हिस्सा वाफ होऊन उडून जातो. त्यास ते लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात, आणि त्या वाफेवर वाढणारी काळी बुरशी कोठारांच्या भिंतींवर व भोवतालच्या झाडांवर काजळीसारखी बसलेली दिसते.

गाळून उरलेला चोथा व पातळ पाणी वाया जात नाही. ते टाक्यांत भरून आसपासचे शेतकरी नेतात आणि गुरांस आंबोण म्हणून घालतात. आम्हांस या सर्व प्रवासात मनापासून आवडलेला भाग तो हाच.

आता माणसांविषयी. या धंद्यातील पुष्कळ घराणी पिढीजात आहेत. जेकब बीम याने 1795 च्या सुमारास आपली पहिली दारू विकली. त्याच्या वंशातील जेम्स बीम याने दारूबंदी उठल्यावर, वयाची सत्तरी गाठत असता, क्लेरमाँट येथे भट्टी पुन्हा उभी केली, आणि आजही त्याचे वंशज तेथे गाळपाचे प्रमुख आहेत. लॉरेन्सबर्ग येथील जिमी रसेल 1954 साली भट्टीत कामास लागले आणि पुढे मुलगा व नातूही त्याच कामात आले. लोरेटो येथे बिल सॅम्युएल्स यांनी 1953 साली जुनी भट्टी घेतली; त्यांनी रायच्या जागी गहू घातला, आणि त्यांच्या पत्नी मार्जी यांनी बाटलीचा आकार व तिच्या गळ्यावरचे तांबडे मेण योजिले. आज जगभर तो माल त्या मेणावरून ओळखतात. गृहिणीच्या कल्पनेस धंद्यात केवढे मोल असते, हे आमच्या लोणची-पापडांच्या महिला मंडळांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

एक गोष्ट तर सहकाराच्या पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. 1996 च्या नोव्हेंबरात बार्ड्सटाउन येथील हेवन हिल कंपनीच्या कोठारांस आग लागली. नव्वद हजारांवर पिंपे आणि सबंध भट्टी जळाली. पेटलेली दारू ओढ्यासारखी वाहत गेली. अशा वेळी स्पर्धकांनी टाळ्या पिटाव्या, ही व्यापाराची सामान्य रीत. पण शेजारच्या कंपन्यांनी आपल्या भट्ट्यांत तिचा माल गाळून दिला, आणि 1999 साली दुसरी भट्टी विकत घेईपर्यंत तिचा धंदा तगून राहिला. ज्यांचे नाव एक, त्यांची अब्रूही एक, हे त्या लोकांनी ओळखले होते.

हे नाव कसे राखले गेले, त्याची हकीकत शेतकऱ्याने नीट समजून घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात व्हिस्की म्हणून जे विकले जाई त्यातील पुष्कळसे म्हणजे साधा कोरा मद्यार्क, त्यात रंग आणि फळांचा रस. ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ असा प्रकार. खरा माल वर्षे घालवून करणाऱ्यास या खोट्या मालाच्या भावाशी टक्कर देणे अशक्य झाले. तेव्हा कर्नल एडमंड टेलर आदी भट्टीवाल्यांनी खटपट केली आणि 1897 साली कायदा झाला: एकाच भट्टीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी कुलपाखाली निदान चार वर्षे ठेवलेली आणि निम्मा मद्यार्क असलेली दारूच विशिष्ट शिक्क्याने विकावी. 1906 साली शुद्ध अन्नाचा कायदा आला. व्हिस्की कशास म्हणावे याचा वाद राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्यापर्यंत गेला व त्यांनी 1909 साली निवाडा दिला. पुढे 1964 साली तेथील विधिमंडळाने बर्बन हा अमेरिकेचाच विशिष्ट माल आहे असा ठराव केला. आजच्या नियमांप्रमाणे बर्बनच्या धान्यात निदान 51 टक्के मका पाहिजे; पिंप ओकचे, नवे व जाळलेले पाहिजे; अर्क शेकडा 80 हून तीव्र गाळता कामा नये, पिंपात शेकडा साडेबासष्टहून तीव्र भरता कामा नये, आणि बाटलीत निदान शेकडा 40 पाहिजे.

कायद्याचा हा धाक आणि गिऱ्हाइकाचा विश्वास मिळून किती बळ येते, याचे उदाहरण 2013 सालचे आहे. मागणी वाढून माल कमी पडू लागला, म्हणून लोरेटोच्या त्या कंपनीने मद्यार्काचे प्रमाण 45 वरून 42 वर आणण्याचे जाहीर केले. कायद्याने त्यास हरकत नव्हती. पण पाणी वाढविले म्हणून गिऱ्हाइकांनी इतका गिल्ला केला की थोड्याच दिवसांत कंपनीने बेत सोडला. आमच्याकडे दुधात पाणी घालणाऱ्यास एवढा धाक कधी वाटला आहे काय?

येथवर सर्व स्तुतीच झाली, आणि ती मनापासून केली आहे. आता आमचा आक्षेप सांगतो.

एका भट्टीत मार्गदर्शकाने आम्हांस पाण्याचा झरा दाखविला, किण्वाची वंशावळ सांगितली, पिंपाच्या लाकडाचे जंगल सांगितले, ते किती सेकंद जाळतात तेही सांगितले. सर्व सांगून झाल्यावर आम्ही विचारले, “हा मका कोणाच्या शेतातला?” त्यावर, जवळपासच्या शेतकऱ्यांचा, एवढेच उत्तर मिळाले. कोणाचे नाव नाही, गाव नाही, वाणाचाही उल्लेख नाही. बाहेर आलो तेव्हा मागील फाटकाशी मक्याचे दोन मालट्रक उभे होते. दाण्याची ओल मोजून होईपर्यंत हाकणारे खाली उतरून वाट पाहत होते. ओल जास्त भरली किंवा वास आला, तर भरलेला ट्रक तसाच परत न्यावयाचा. प्रवाशांची वाट पुढच्या दाराने जाते, मक्याची मागच्या दाराने. दोघांची गाठ पडत नाही.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. पैशाचा हिशेब पाहा. एक बुशेल मका म्हणजे सुमारे 25 किलो. त्यापासून चांगल्या भट्टीत ढोबळ मानाने पाच प्रूफ-गॅलन माल निघतो. निम्मा मद्यार्क असलेले एक गॅलन म्हणजे एक प्रूफ-गॅलन. शेकडा 45 ची पाऊण लिटरची बाटली घेतली, तर या पाच प्रूफ-गॅलनांतून अठ्ठावीस बाटल्या व्हाव्यात. पिंपातून उडून जाणारा भाग वजा केला तर वीसच धरा. 2024 साली मक्याचा भाव बुशेलास चार डॉलरच्या आसपास होता. म्हणजे बाटलीमागे धान्याचे वीस सेंट. राय व सातू महाग असतात म्हणून फार तर पंचवीस-तीस धरू. तीच बाटली दुकानात पंचवीस-तीस डॉलरांस विकते. याचा अर्थ, रुपयातील एक पैसा शेताकडे जातो. मध्यवर्ती सरकारचा कर प्रूफ-गॅलनास साडेतेरा डॉलर या मुख्य दराने धरला, तर त्याच बाटलीवर तो सुमारे दोन डॉलर चाळीस सेंट पडतो. म्हणजे धान्याच्या किमतीच्या आठ-दहा पट. देवदूतांच्या वाट्याचे वर्णन प्रत्येक भट्टीत रसाळपणे करतात. शेतकऱ्याच्या वाट्याचे वर्णन आम्ही कोठेच ऐकले नाही.

यावर उत्तर येईल ते आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. शेतकऱ्यास माल टाकताच दाम मिळतो. भट्टीवाल्यास चार-चार, आठ-आठ वर्षे भांडवल अडकवून बसावे लागते. नव्या पिंपाची किंमतच त्यातील धान्याच्या किमतीच्या कित्येक पट असते. आग, गळती, कर, व्याज, विक्रीची जाहिरात, सगळे त्याच्या माथी. हे सर्व मान्य आहे. तो धोका पत्करतो, म्हणून त्यास नफा असावा. पण धोका खरोखर एकट्याचाच असतो काय?

2025 च्या आरंभी केंटकीच्या कोठारांत एक कोटी साठ लाखांहून अधिक पिंपे होती. त्या संस्थानाची लोकवस्ती सुमारे पंचेचाळीस लाख; म्हणजे माणशी तीनहून अधिक पिंपे. भरभराटीच्या वर्षांत मागणी अशीच वाढत जाईल असे धरून प्रत्येकाने गाळप वाढविले. मग पिणारे कमी झाले. 2025 च्या मार्चात जकातीच्या भांडणामुळे कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनी अमेरिकन दारू आपल्या सरकारी दुकानांतून काढून टाकली. काही नव्या भट्ट्या कर्जात बुडाल्या. आणि 2025 च्या डिसेंबरात जिम बीम कंपनीने क्लेरमाँटच्या मुख्य भट्टीतील गाळप 2026 हे वर्षभर बंद ठेवण्याचे जाहीर केले. कंपनीजवळ निदान कोठारातला जुना माल तरी आहे. तो वर्षागणिक मुरून महाग होईल. पण जो शेतकरी त्या भट्टीच्या भरवशावर मका पेरीत आला, त्याने काय करावे? मका मुरत नाही, त्यास कीड लागते. लाभाच्या वेळी ज्यास पैशाचा वाटा, तोट्याच्या वेळी त्यास रुपयाचा वाटा, अशी ही भागीदारी आहे.

या सर्वांचे मूळ आमच्या मते एकाच ठिकाणी आहे. बर्बनची व्याख्या इतकी काटेकोर, की पिंप किती जुने, अर्क किती तीव्र, हे सर्व तीत लिहिले आहे. मका किती पाहिजे हेही आहे. पण तो मका कोठे पिकलेला असावा, याविषयी ती व्याख्या मुग्ध आहे. बर्बन अमेरिकेत गाळलेली पाहिजे. मका मात्र कोठूनही आणला तरी चालतो. प्रत्यक्षात तो बहुधा केंटकीचा व शेजारच्या इंडियानाचा असतो, पण तो सोयीमुळे, हक्कामुळे नव्हे. फ्रान्सात शँपेन नावाच्या मद्यास त्याच प्रांतातील द्राक्षे लागतात, मेक्सिकोत टकिलास ठरलेल्या जिल्ह्यांतीलच निळे अगेव्ह लागते. तेथे मळा हा व्याख्येचा भाग आहे, म्हणून मळेवाल्यास भाव मागता येतो. ज्या व्याख्येत शेत नाही, तीत शेतकरीही नाही. पिंप करणाऱ्यास ‘नवे पिंप’ या दोन शब्दांनी कायमचे काम मिळाले. मका पिकविणाऱ्यास तसा एकही शब्द मिळाला नाही.

हे बदलू शकते, याची चिन्हे तेथेच दिसतात. शेल्बीव्हिल येथे जेप्था क्रीड नावाची भट्टी एका शेतकरी घराण्याने 2016 साली उघडली. आई व मुलगी मिळून ती चालवितात, आणि आपल्याच शेतातील तांबड्या दाण्याचा जुना मका गाळतात. तेथे येणारा प्रवासी शेताच्या कडेनेच आत येतो. विसरलेली नावे परत आणता येतात, हेही शेजारच्या टेनेसी संस्थानाने दाखविले आहे. जॅक डॅनियल यास दारू गाळण्याचे शिक्षण निअरेस्ट ग्रीन या गुलाम म्हणून राबविल्या गेलेल्या कृष्णवर्णी कारागिराने दिले. हे नाव शंभराहून अधिक वर्षे कंपनीच्या कथेतून गळलेले होते. 2016 साली कंपनीने ते उघडपणे मान्य केले, आणि आता ते प्रवाशांस सांगतात. केंटकीतील प्रारंभीच्या भट्ट्यांतूनही असे पुष्कळ हात राबले. कारागिराचे नाव दीडशे वर्षांनी परत येते, तर शेतकऱ्याचे का येऊ नये?

आमच्या वाचकांचा या सर्वाशी काय संबंध, ते आता सांगतो. मुंबई सरकारने 1892 साली कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जमविण्यावरच निर्बंध घातले. झाड दारातले, पण फुलावर सत्ता अबकारी खात्याची. म्हणजे शेतमाल व त्याचा पक्का माल यांची फारकत आमच्याकडेही झालेली आहे. नाशिककडे 2000 सालानंतर द्राक्षमद्याचे कारखाने निघाले, प्रवासी येऊ लागले, आणि कारखान्यांच्या शब्दावर शेतकऱ्यांनी मद्याच्या जातीची द्राक्षे लावली. 2008 नंतर मंदी आली, कित्येक कारखान्यांनी माल उचलला नाही, आणि ती द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालेनात. तेव्हा पुष्कळांनी आपल्या हाताने वेली उपटल्या. केंटकीत आज जे चालले आहे त्याची ही लहान प्रतिकृतीच होय.

उलट बाजूही आमच्याकडेच आहे. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने जो सहकारी साखर कारखाना निघाला, त्याचा पहिला हंगाम 1950-51 साली झाला. तेथे ऊस घालणारा हाच कारखान्याचा सभासद. पुढे अशा कित्येक कारखान्यांनी मळीपासून मद्यार्क गाळण्यास आरंभ केला, तेव्हा त्या उत्पन्नावर ऊसवाल्यास हक्क सांगता आला. त्या कारखान्यांत पुढे दोष शिरले हे खरे. पण दोष शिरले म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही.

आज भारतातही नाव राखण्याचा कायदा आहे. भौगोलिक निर्देशनाचा हा कायदा 1999 साली झाला. गोव्याच्या काजूफेणीस 2009 साली त्याखाली नोंद मिळाली. कोल्हापूरचा गूळ, नागपूरचे संत्रे, सांगलीची हळद, कोकणचा हापूस यांसही मिळाली आहे. मद्याचा ज्यांस तिटकारा आहे त्यांनी फेणी बाजूस ठेवावी आणि गूळ-हळदीकडे पाहावे. प्रश्न तोच आहे. कित्येक शेतकरी या नोंदीस सरकारी प्रशस्तिपत्र समजून भिंतीवर टांगतात. ते प्रशस्तिपत्र नव्हे, तो सातबारा आहे, आणि सातबाऱ्यावर आपले नाव आहे की नाही हे पाहावेच लागते.

म्हणून आमच्या मंडळाच्या सभासदांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली: आपल्या भागातील ज्या मालास असे नाव मिळाले असेल किंवा मिळावयाचे असेल, त्याच्या नियमांची प्रत मागवून वाचा, आणि कच्चा माल कोठल्या शेतातला असावा हे त्यात लिहिले आहे की नाही ते पाहा. नसेल, तर ते घालण्यासाठी उत्पादकांच्या संस्थेत सभासद होऊन भांडा. दुसरी: कारखान्याशी करार करणे तर लेखी करा, किमान उचल किती हे त्यात लिहून घ्या, आणि एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर सबंध वावर कधीही गुंतवू नका. तिसरी: तुमच्या मालाचा पक्का माल पाहण्यास जर प्रवासी येत असतील, तर त्यांची वाट शेतातून घालावयास लावा. ज्याने पीक उभे पाहिले आहे, तो भावाची घासाघीस कमी करतो.

जुन्या पिंपात बर्बन दुसऱ्यांदा भरता येत नाही. म्हणून ती रिकामी पिंपे जगभर विकली जातात. गोव्यात कुंकळ्ळी येथे जी व्हिस्की होते ती मुरविण्यासही अशी पिंपे येतात. केंटकीचे लाकूड असे कोकणकिनाऱ्यापर्यंत आले आहे. त्याबरोबर तेथील अनुभवही आला तर बरे, एवढ्याच हेतूने हे लिहिले. नाव कसे जपावे हे केंटकीच्या लोकांकडून अवश्य शिकावे. परंतु ते नाव लिहिताना पहिली ओळ शेताची असावी, हे त्यांच्या चुकीवरून शिकावे.